लेकराची शी आणि आपले हात

दिवाळी अंकात, चकली-अनारशांच्या गप्पांमध्ये हा कसला विषय काढला, म्हणून काही जण पान उलटायच्या बेतात असतील. थोडं थांबा. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत एक तरी रांगतं मूल आहे, किंवा कालपरवापर्यंत होतं. त्याला सांभाळायला माझ्यासारखी कुणी आजी आहे, कुणी आजोबा, शेजारची मावशी, नाहीतर कामाला येणारी बाई. म्हणजे विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. शिवाय यातली चूक माझीच आहे, म्हणून ती सांगायचा हक्कही माझाच.

माझं वय ७४. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. माझी पीएच.डी. पाण्यातल्या जिवाणूंवर. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवत असे, ती म्हणजे हात कसे धुवायचे. न धुतलेलं बोट अ‍ॅगरच्या बशीवर टेकवायचं, बशी दोन दिवस उबवायची आणि तिच्यावर उगवलेल्या वसाहती मुलांना दाखवायच्या. मुलं तोंडं वाकडी करायची आणि पुढे वर्षभर हात धुवायची.

आता वर्षातले काही महिने मी इथे, उम्म सलाल मोहम्मदला, मुलाकडे असते. आमच्या कंपाउंडमध्ये चार मराठी घरं आहेत. सकाळी सगळे कामाला गेले की माझी नात माझ्याजवळ असते, आणि शेजारच्या घराला अडचण असेल तेव्हा त्यांचा दीड वर्षाचा मुलगाही असतो. हे पैशाचं पाळणाघर नव्हे. इथे नर्सरी चालवायला सरकारी परवाना लागतो, आणि लागायलाच हवा. हा शेजारधर्म आहे. पण परवाना असलेल्या नर्सरीत तपासायला कुणीतरी येतं. आजीला कोण तपासणार?

मागच्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी चारही घरं आमच्याकडे जमली होती. रविवारी पहाटे नातीला उलट्या सुरू झाल्या, दुपारपासून जुलाब. रात्रीपर्यंत आणखी दोन मुलं आणि एक आई आडवी. नात इतकी मलूल झाली की तिला रडतानाही डोळ्यांत पाणी येईना. लहान मुलाच्या शरीरातलं पाणी किती झपाट्याने उतरतं ते मी पुस्तकात शिकवलं होतं, मांडीवर पहिल्यांदाच पाहिलं. डॉक्टरांनी विषाणूचा संसर्ग सांगितला. जीवनजल चमच्या-चमच्याने पाजत दोन रात्री काढल्या आणि मुलं सावरली.

मग प्रश्न आला, हे आलं कुठून? घरात सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर होतं, कामाला येणाऱ्या श्रीलंकेच्या बाई. ‘त्या हात धुत नसतील.’ मुलाने त्यांना बाळाला हात लावू नका असं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, मान खाली घालून भांडी घासत राहिल्या. मीही गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

सुनेने मात्र एक कागद घेतला आणि म्हणाली, “आई, शुक्रवारी संध्याकाळी काय काय झालं ते क्रमाने सांगाल?” मी जर्नल लिहिते तशी सांगत गेले. शेजारच्या मुलाने डायपर भरला होता, शी पातळ होती. मी हॉलमध्येच गालिच्यावर दुपटं टाकून डायपर बदलला, वाइप्सने पुसलं, डायपरची गुंडाळी करून सोफ्याशी ठेवली, हाताला सॅनिटायझर चोळलं, मग नातीला केळं कुस्करून भरवलं आणि सगळ्यांच्या वाट्यांत शिरा वाढला. इथपर्यंत आले आणि माझा आवाजच बंद झाला. शिवाय शुक्रवार हा त्या बाईंचा सुट्टीचा दिवस. त्या त्या दिवशी घरात आल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. आठवड्याभराने सुनेने बाथरूममध्ये डायपर बदलण्याचे नियम छापून लावले, तेव्हा मला पुन्हा राग आला. ३१ वर्षं जिने हेच शिकवलं, तिला ही शिकवणार? मग मला व्हिएन्नाच्या डॉक्टरांची आठवण झाली. १८४७ साली तिथल्या सरकारी इस्पितळात बाळंतिणी तापाने मरत होत्या, आणि सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात जास्त मरत होत्या. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येतात. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये हा आकडा दोनच्या आसपास आला. तरीही मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आपल्यासारख्या प्रतिष्ठितांचे हात रोग पसरवतात, हे ऐकणंच अनेकांना अपमानाचं वाटलं. मी वर्गात या डॉक्टरांना हसत असे. आता मी त्यांच्याच रांगेत उभी होते.

मला असं वाटतं की आपल्याला ज्ञान कमी पडत नाही. आपल्याला आडव्या येतात दोन सवयी. पहिली म्हणजे ‘लेकराच्या शीला कसली आली घाण?’ हे वाक्य. ते मायेचं आहे आणि मायेपुरतं खरंही आहे. पण विषाणूला माया कळत नाही. रोटाव्हायरसने आजारी असलेल्या मुलाच्या एक ग्रॅम शीमध्ये अब्जावधी विषाणू असू शकतात, आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडायला शंभराहून कमी पुरतात. नखाच्या फटीत सहज मावतात. त्यात मूल बरं दिसू लागल्यावरही काही दिवस त्याच्या शीतून विषाणू बाहेर पडतच राहतात. रोटाव्हायरसवर लस आहे. भारतात २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही अशी एक लस बनवली आहे. मुलांना ती वेळेवर द्याच. पण जुलाबाचे इतर विषाणू या लसीला जुमानत नाहीत.

दुसरी सवय नवी आहे आणि ती डायपरने लावली. आठवून पाहा, आपल्या आईच्या घरी बाळाचे लंगोट बदलायची जागा ठरलेली असे. मोरीत किंवा परसदारी पायांवर घेऊन बाळाला पाण्याने धुवायचं, लंगोट तिथेच बादलीत टाकायचा, हात राखेने नाहीतर साबणाने घासायचे, मगच चुलीकडे वळायचं. त्यात सोवळ्या-ओवळ्याचा भाग होता, जंतूंचं शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं. पण घाणीची जागा वेगळी आणि अन्नाची वेगळी, एवढं पक्कं होतं. डायपर आला, घाण दिसेनाशी झाली, वासही कमी झाला, आणि जागा सुटली. मोरीतलं काम हॉलमध्ये आलं, गालिच्यावर, सोफ्यावर, कधी जेवणाच्या टेबलाच्या कडेवर. पाण्याची जागा वाइप्सने घेतली आणि साबणाची सॅनिटायझरने. जुन्यातलं सोवळं गेलं ते बरंच झालं, पण मोरी जायला नको होती.

तेव्हा आमच्या घरातले नियम सांगते. आधी जागा. बाथरूममध्ये किंवा बाथरूमच्या दाराशी, स्वयंपाकघरापासून लांब, पुसता येईल अशी प्लॅस्टिकची चटई. कापडी दुपटं त्यावर टाकलं तर ते दर वेळी धुवायला. बाळाला ठेवण्यापूर्वी सगळं हाताशी घ्यायचं: नवा डायपर, वाइप्स किंवा ओला कापूस, पिशवी, कपडे. मलम लागणार असेल तर ते आधीच टिश्यूवर काढून ठेवायचं, म्हणजे घाणेरड्या बोटांनी ट्यूबला हात लागत नाही. बाळ उंचावर असेल तर एक हात कायम त्याच्या अंगावर.

पुसताना पुढून मागे, विशेषतः मुलींना, आणि एक वाइप एकदाच. डायपर आतल्या बाजूला गुंडाळून थेट पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात. वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, ते विरघळत नाहीत, नळी तुंबते. नव्या डायपरला हात लावण्यापूर्वी आपली बोटं एका कोऱ्या वाइपने पुसायची. कपडे घालून झाले की बाळाचेही हात साबणाने धुवायचे. हे बहुतेक जण विसरतात. बाळाचा हात बदलताना नेमका नको तिथे जातो आणि नंतर तोंडात.

मग बाळाला सुरक्षित जागी ठेवून चटई आधी साबणाच्या पाण्याने पुसायची, नंतर जंतुनाशकाने. बाटलीवर जितकी मिनिटं सांगितली असतील तितका वेळ ती ओली राहू द्यायची. लगेच कोरडी केली तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. ब्लीच वापरत असाल तर ते दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवा. सगळ्यात शेवटी आपले हात. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि नखं धरून. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नव्हे. सॅनिटायझर इथे पुरत नाही. हाताला घाण लागलेली असेल तर ते नीट काम करत नाही, आणि नोरोव्हायरससारखे विषाणू त्याला फारशी दाद देत नाहीत.

इथल्या उन्हाळ्याची एक अडचण तुम्हाला ठाऊक आहेच. गच्चीवरची टाकी तापते आणि थंड पाण्याच्या नळालाही चटका बसतो. मग आपण बोटं ओली केल्यासारखं करतो आणि बाजूला होतो. माझ्या शुक्रवारच्या सॅनिटायझरचं कारणही थोडं तेच होतं. बाथरूममधला गीझर बंद ठेवून त्याच्या नळाचं पाणी घेतलं की ते पुष्कळ सोसवतं, कारण त्याची टाकी घरात, सावलीत असते. इथल्या जुन्या मंडळींनी शिकवलेली ही युक्ती हात धुण्यासाठीच आहे असं समजा.

हे काम कोणाचं, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे ज्याने घाण साफ करायची त्याला खालचा समजायचं, आणि घाण पसरली की पहिला संशय त्याच्यावर घ्यायचा, ही फार जुनी खोड आहे. माझ्या घरात तेच झालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. तिथे मुलांना आंघोळ घालणं, त्यांची नखं कापणं हे शिक्षिकेचंच काम होतं. ते शिक्षणाचा भाग होतं, शिक्षणाआधीची झाडलोट नव्हती. आज देशभर रुळलेला अंगणवाडी हा शब्दही त्याच कामातून आला. शिक्षिकेला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते आजोबांना, बाबांना, काकांना का वाटावं? आमच्याकडे नियमांचा कागद आता मराठी, इंग्रजी आणि सिंहली अशा तीन भाषांत आहे, आणि तो सगळ्यांना सारखाच लागू आहे. माझा मुलगाही डायपर बदलतो. सुरुवातीला दोन वेळा उलटा लावला, तिसऱ्यांदा जमला.

माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगते की सून किंवा लेक ‘हात धुतले का?’ असं विचारेल तेव्हा रागावू नका. तो तुमच्या मायेवरचा संशय नसतो. आणि पुढची इंग्रजी पानं आधी वाचणाऱ्या तरुणांनो, तुम्हीही पाहुण्यांदेखत विचारू नका. कागद भिंतीवर लावा, म्हणजे कुणाला कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

शेवटी एक मागणी, आपल्या मंडळाकडे. दिवाळीच्या कार्यक्रमाला इतकी लहान मुलं येतात, पण त्यांचे डायपर बदलायला ठरलेली जागा नसते. मग आया खुर्च्या जोडून, फराळाच्या टेबलापासून चार हातांवर ते काम उरकतात. यंदा स्वच्छतागृहाजवळ एक टेबल, एक पुसायची चटई, साबण, कागदी रुमाल आणि झाकणाचा डबा एवढं ठेवावं. नियमांचा कागद मी देते. तिन्ही भाषांतला.