छतावरचा कोळसा

गेल्या महिन्यात रायपूरजवळच्या बिरगावात एका जुन्या वाचकाच्या घरी मुक्काम होता. सकाळी सात वाजता गच्चीवर गेलो. आदल्या संध्याकाळी झाडलेली फरशी पुन्हा काळी झाली होती. खिशातलं लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या धुळीवरून फिरवलं, तर कागदावर मिशा फुटाव्यात तशी बारीक काळी लव उभी राहिली. जी धूळ चिकटली नाही ती बोटांत चोळली, काजळासारखी पसरली. घरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, कोहळ्याच्या वड्या गच्चीवर घालणं आम्ही केव्हाच सोडलं. पंख्याखाली वाळवतो." या वड्यांना इथे रखिया बडी म्हणतात. रायपूरच्या हिवाळ्यात प्रत्येक गच्चीवर त्या दिसायला हव्यात.

हा प्रसंग पर्यावरणाच्या सदरात न देता इथे लिहितो आहे, कारण त्या फरशीवर आपलाच माल पडला होता. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, बोटाला लागला तो कोळसा. दोन्हींचे पैसे कुणीतरी मोजले होते.

उरला आणि सिलतरा या रायपूरच्या दोन औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्न, इंडक्शन फर्नेस आणि रोलिंग मिल शेजारी शेजारी नांदतात. बैलाडिलाचं खनिज, कोरब्याकडचा किंवा समुद्रमार्गे येणारा दक्षिण आफ्रिकेचा कोळसा, थोडा डोलोमाइट. दुसऱ्या टोकाला टीएमटी सळई. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्गुसच्या किंवा जालन्याच्या वाचकांना हे चित्र अनोळखी नाही. स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, वर्षाला ५ कोटी टनांहून अधिक. आपल्यामागे असलेला इराण हेच काम नैसर्गिक वायूवर करतो. आपण बहुतांश कोळशावर करतो, आणि तोही राखेने भरलेला.

आपल्या व्यवसायात ऊर्जेचा विषय निघाला की बोलणं विजेच्या मीटरपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. फर्नेसला टनामागे किती युनिट लागली, पॉवर फॅक्टर किती, मोटर बदलायची का. हे सगळं करायलाच हवं. पण सळईतली बहुतेक ऊर्जा त्या मीटरमधून जातच नाही. ती किल्नमध्ये शिरते, ट्रकच्या वजनकाट्यावर मोजली जाते आणि नंतर कुणी तिची विचारपूस करत नाही.

एकदा कागदावर मांडून पाहू. लोहखनिजातला ऑक्सिजन काढून एक टन लोखंड मोकळं करायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे ७.४ गिगाज्यूल लागतात. टनामागे १.३ टन कोळसा आणि त्याचं उष्णतामूल्य किलोला ४,५०० किलोकॅलरी धरा. किल्नमध्ये जवळपास २४.५ गिगाज्यूल घातले जातात. म्हणजे तीन भागांतला एक भाग कामाला आला. राहिलेले दोन भाग शेलच्या अंगातून, गरम मालाबरोबर, डोलोचारमधल्या न जळलेल्या कार्बनमधून आणि सगळ्यात जास्त फ्लू गॅसमधून निघून जातात.

फ्लू गॅसपाशी थोडं थांबायला हवं. दिवसाला १०० टनांच्या किल्नमधून तासाला सुमारे २५,००० घनमीटर वायू ९५० अंशांच्या आसपास बाहेर पडतो. वेस्ट हीट बॉयलर असेल तर त्यातून साधारण २ मेगावॅट वीज मिळते. सिलतऱ्याच्या अनेक कारखान्यांचं अर्थकारण याच विजेवर उभं आहे. बॉयलर नसेल तर तोच वायू धूळ अडवणाऱ्या ईएसपीत जाण्याआधी पाण्याचे फवारे मारून थंड करावा लागतो. ९५० अंशांचा २०० अंशांवर आणायला, आमच्या हिशेबाने, तासाला नऊ-दहा हजार लिटर पाण्याची वाफ होते. खारुनच्या काठचं शहर एप्रिल-मेमध्ये टँकरच्या रांगा बघतं, आणि आपण पाणी खर्चून उष्णता विझवत असतो. कोळसा विकत घ्यायचा, जाळायचा आणि मग पाण्याने मारायचा, हे माझ्या मनाला पटत नाही. लहान कारखान्यांना बॉयलरचं कर्ज मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तरी दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक टर्बाइन चालवण्याचा विचार वसाहतीच्या पातळीवर व्हायलाच हवा.

आता पुन्हा गच्चीकडे. 'रात्री ईएसपी बंद असतो' ही तक्रार उरल्याच्या आसपास कुणालाही विचारा, ऐकायला मिळेल. हा कुणा एका कारखान्यावरचा आरोप नाही. मी स्वतः ऑडिट करत फिरत होतो तेव्हा एका ठिकाणी ईएसपीच्या पॅनेलवरचा करंट रात्रभर शून्य होता आणि लॉगबुकात दर तासाला तोच एक आकडा सुंदर अक्षरात लिहिलेला होता. वीज वाचवायची म्हणून बंद केला, असं तिथल्या शिफ्टच्या मुलाने निमूट सांगितलं. त्याच्यावर रागवावं असं वाटलं नाही. वीज वाचवल्याचं कौतुक त्याला आपणच शिकवलं होतं. ईएसपीच्या फील्डना लागणारी वीज टर्बाइनच्या उत्पादनापुढे किरकोळ असते, हे मात्र त्याला कुणी आकड्यांत दाखवलं नव्हतं. आणि इमर्जन्सी कॅप उघडी राहिली तर प्रश्न धुळीपुरता राहत नाही. बॉयलरकडे जाणारा वायू आभाळात जातो, टर्बाइनचा भार कोसळतो. कॅप किती मिनिटं उघडी होती याची नोंद खरं तर ऊर्जेची नोंद आहे.

बाहेरचं जग याच आकड्यांकडे वळलं आहे. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली: टनामागे २.२ टनांहून कमी कार्बन उत्सर्जन असेल तरच ते पोलाद हरित. युरोपीय संघाच्या सीमेवरचा कार्बन आकार १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. रायपूरची सळई युरोपात फारशी जात नाही म्हणून निर्धास्त राहणारे भेटतात. त्यांनी देशातलीच रेषा बघावी. वर मांडलेल्या १.३ टन कोळशात निम्मा कार्बन धरला तर केवळ तेवढ्यातूनच सुमारे २.४ टन कार्बन डायऑक्साइड होतो. त्यात फर्नेसची वीज अजून मिळवलेली नाही. फक्त स्पंजवर चालणारी भट्टी त्या रेषेच्या आत बसणं अवघड आहे; चार्जमधलं भंगाराचं प्रमाण वाढवणं आणि टनामागचा कोळसा घटवणं, हे दोन रस्ते आजच हाताशी आहेत.

२०२४-२५ मध्ये भारताचं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं. जगाचा कोळसावापरही उच्चांकावर आहे. एवढ्या मोठ्या आकड्यांपुढे आपलं काम क्षुल्लक वाटू लागतं. पण टनामागे ५० किलो कोळसा वाचला, तर १०० टनांच्या एका किल्नमागे दिवसाला ५ टन कोळसा खाणीतच राहतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये हसदेव अरण्यातली माणसं सुमारे ३०० किलोमीटर चालत याच रायपुरात आली होती, खाणीखाली जाणारं आपलं जंगल वाचवा म्हणून. तिथला कोळसा आपल्या किल्नसाठी नव्हता, राजस्थानच्या वीजकेंद्रांसाठी होता. तरी त्या पायांकडे बघताना प्रत्येक टनाचा हिशेब आपल्यालाही द्यावासा वाटावा.

या अंकासोबत एक तक्ता जोडला आहे. त्यात चारच रकाने आहेत: टनामागे प्रत्यक्ष पडलेला कोळसा, डोलोचारमधला कार्बन, दर तासाचा ईएसपी करंट, आणि कॅप उघडी असलेली मिनिटं. महिनाभर शिफ्टच्या माणसाकडूनच भरून घ्या. ऑफिसात बसून भरू नका. कारखान्याचं नाव आम्ही छापणार नाही. आकडा शून्य असेल तर शून्यच लिहा. पुढच्या अंकात हे आकडे शेजारी शेजारी मांडू. बिरगावच्या गच्चीवरची धूळ एका पुडीत बांधून आणली आहे, तिचीही राख आणि कार्बन तपासून त्याच पानावर देऊ.