घरसंसार : विळी विकत घेताना

घरात एखादा कुकर घ्यावयाचा झाला तर आपण चार दुकाने हिंडतो, शेजारीपाजारी विचारतो. विळी मात्र भाजी घेऊन परतताना उभ्या उभ्या घेतली जाते. ज्या पात्यासमोर रोज दोन वेळा आपली बोटे जातात, त्याची पारख खरे म्हणजे अधिक कसोशीने व्हावयास हवी.

विळी ही काही केवळ महाराष्ट्राची मिरास नव्हे. बंगालात तिला बोंटी म्हणतात, ओडिशात पनिकी, तर कर्नाटकात ईळिगे मणे. बदलीच्या निमित्ताने तिकडे राहणाऱ्या वाचकांनी दुकानात ही नावे सांगावीत. वस्तू चटकन पुढे येईल.

दुकानात प्रथम पाते पाहू नये, पाट पाहावा. विळी सपाट जमिनीवर ठेवून पाटाचे चारही कोपरे दाबून पाहा. एखादा कोपरा उचलला गेला तर ती परत करावी. मग पात्याची बोथट पाठ धरून ते डावीउजवीकडे हलवा. सांध्यात किंचितही खेळ जाणवला, तर दुकानदार काहीही सांगो, ती विळी घेऊ नये. नारळ खवताना सारा जोर टोकाच्या खवणीवर येतो आणि तेथून तो खालच्या एका खिळ्यावर पोचतो. आज जो सांधा जरासा हलतो तो थोड्याच दिवसांत खिळखिळा होतो, आणि ऐन कापताना पाते कलते.

आता धातूविषयी. पाणी दिलेले लोखंडी पाते धार उत्तम धरते. पण ते गंजते, आणि कैरी किंवा केळफूल त्यावर काळे पडते. काम होताच पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी तेच घ्यावे. माझे मत त्याच्याच बाजूचे आहे. इतरांनी स्टेनलेस स्टील घ्यावे, पण सोबत एक लोहचुंबक न्यावा. भांड्यांच्या उत्तम पोलादात सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. ते चकाकते, परंतु त्याला पाणी देता येत नाही, म्हणून त्याची धार टिकत नाही. त्याला चुंबकही नीट चिकटत नाही. पात्याच्या पोलादाला तो घट्ट चिकटतो. चुंबक चिकटला म्हणजे पाते चांगलेच, असे मात्र नव्हे; न चिकटणारे नाकारावे, एवढाच याचा उपयोग.

भोथऱ्या विळीने हात कापत नाही, ही समजूत घातक आहे. धार गेली की जोर वाढवावा लागतो, भोपळ्याची साल एकाएकी सुटते आणि हात पात्यावर आदळतो. धारवाल्याला मात्र घाई करू देऊ नये. चाकावर पाते निळसर पडेपर्यंत तापले तर त्याचे पाणी उतरते, आणि पुढे कितीही घासले तरी त्या जागी धार टिकत नाही.

घरात रांगते मूल असेल तर मिटणारीच विळी घ्यावी, आणि दार वाजले म्हणून उठतानाही ती मिटूनच उठावे. गुडघ्यांमुळे ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी सुरी वापरावी. तिचे पाते मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले व रिव्हेटांनी जखडलेले असावे. खाली लाकडी फळी घ्यावी आणि फळीखाली ओले फडके अंथरावे, म्हणजे ती ओट्यावर सरकत नाही.