पडद्यामागची प्रणाली कोण सांभाळणार?

प्रवेश, वसतिगृह, भोजनगृह आणि दाखले या साऱ्यांच्या नोंदी एका वेब-प्रणालीत आणाव्यात, हे माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत एकमताने ठरले. ती कोणत्या साधनांनी बांधावी यावर मात्र तीन बैठका झाल्या, आणि त्यांत सर्वाधिक भांडलो ते आम्हीच. म्हणून स्मरणिकेसाठी हे लिहिण्याचे कामही आमच्याकडेच आले असावे. वाद पडद्यावर दिसणाऱ्या भागाचा नाही. तो आहे पडद्यामागच्या, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाचा. माहिती तेथे साठते, तेथेच तपासली जाते आणि ती कोणाला दाखवायची हेही तेथेच ठरते.

आधी आमची चूक सांगतो. सहा वर्षांपूर्वी आमच्याच गटाने माजी विद्यार्थ्यांसाठी एक संकेतस्थळ बांधले होते. नोकरीत जे जे शिकलो ते सारे त्यात ओतले: नोड जेएस, मोंगोडीबी, आठ स्वतंत्र सेवा आणि त्यांना सांभाळणारे आणखी एक साधन. तीनशे माणसांसाठी एवढा थाट! पुढे बांधणाऱ्यांपैकी दोघे परदेशी गेले. ज्याच्या बँक कार्डावरून सर्व्हरचे भाडे जात होते त्याचे कार्ड बदलले आणि एके सकाळी संकेतस्थळ बंद पडले. कार्यालयातून फोन आला तेव्हा उरलेल्यांपैकी कोणालाही ते पुन्हा उभे करता आले नाही. यात दोष नोडचा नव्हता. एकाच वेळी हजारो जोडण्या खुल्या ठेवायच्या असतील तर ते साधन उत्तमच आहे. आपल्या कार्यालयात मात्र एका वेळी फार तर तीन जण काम करतात.

त्याआधीची चूक अधिक लाजिरवाणी होती. जनरल रजिस्टरातील जुनी नावे संगणकात उतरवण्यासाठी आम्ही मायएसक्यूएल हा डेटाबेस घेतला आणि त्याची मूळ मांडणी जशीच्या तशी ठेवली. २०१८ साली ८.० ही आवृत्ती येईपर्यंत ती मांडणी पश्चिम युरोपीय लिपीसाठी होती. डेटाबेसने तक्रार न करता देवनागरी नावे स्वीकारली आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली. सुट्टीतले दोन आठवडे वाया गेले. मूळ रजिस्टर कपाटात होते म्हणून निभावले. जात पडताळणीच्या वेळी वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेतील नोंदीला किती वजन असते, हे आपल्या पालकांना सांगायला नको. अनेक घरांत कागदावर आलेले पहिले नाव याच रजिस्टरात आहे. त्यातील एक वेलांटी चुकली तरी नातवाला खेटे घालावे लागतात.

म्हणून या वेळी आमचे मत पायथॉन भाषेतील जँगो आणि पोस्टग्रेस डेटाबेस यांच्या बाजूने आहे. दोन्ही जुनी आहेत आणि दोन्हींविषयी भरपूर लिहिले गेले आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जँगो घडले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. (नाव मात्र एका गिटारवादकाचे आहे.) बातमीदारांना प्रोग्रॅमिंग न शिकता मजकूर भरता यावा ही तेथली गरज होती, त्यामुळे नोंदी भरण्याचे, शोधण्याचे व दुरुस्त करण्याचे पडदे जँगोत जवळजवळ आयते मिळतात. आपल्या लिपिकांची गरज याहून वेगळी नाही. पोस्टग्रेसला एकदा नियम घालून दिला की एकाच रजिस्टर क्रमांकाचे दोन विद्यार्थी तो स्वीकारत नाही, मग चूक माणसाची असो वा प्रोग्रॅमची.

पीएचपीचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे आम्हाला पुष्कळसे पटले होते. ती स्वस्तात स्वस्त सर्व्हरवर चालते आणि तालुक्याच्या गावीही ती जाणणारा माणूस मिळतो. तरीही पलडा झुकला तो एका साध्या गोष्टीने: आपल्या संगणक वर्गात मुले पायथॉन शिकत आहेत आणि ते शिकवणारे सर शाळेतच राहतात. रात्री काही बिघडले तर पुण्यातल्या कोणाची वाट पाहावी लागू नये. नव्या पिढीच्या मित्रांना हे मागासलेले वाटते. नोकरीच्या बाजारात जे चालते तेच शाळेत वापरावे, असे ते म्हणतात. मुलांच्या शिक्षणासाठी ते खरे असेल. पण शाळेचे दफ्तर ही सरावाची पाटी नव्हे.

एका मुद्द्यावर आम्ही हटून बसलो, तो म्हणजे जातीचा रकाना. दाखला तयार करणाऱ्यांना तो लागतो, मुख्याध्यापकांना लागतो. भोजनगृहाच्या यादीला लागत नाही. पडद्यावर तो नुसता लपवून भागत नाही, कारण ब्राउझरपर्यंत पोहोचलेली माहिती थोडे जाणणारा कोणीही उघडून पाहू शकतो. अडवायचे ते सर्व्हरवरच अडवावे लागते. जँगोतील मूळ परवानगी पूर्ण तक्त्याला लागू होते, एकेका रकान्याला नाही. म्हणून जात, प्रमाणपत्रे व शिष्यवृत्तीचे कागद वेगळ्या तक्त्यात ठेवावेत आणि त्याची परवानगी मोजक्या माणसांनाच द्यावी, असे आम्ही सुचवले आहे.

खर्चाचेही स्पष्ट सांगायला हवे. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही सुरक्षेच्या दुरुस्त्या तीनच वर्षे मिळतात. त्यापुढे नव्या आवृत्तीवर जावेच लागते. हे काम दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरावे. सर्व्हरचे भाडे संस्थेच्या नावावर असावे, कोणा माजी विद्यार्थ्याच्या कार्डावर नव्हे. बॅकअप रोज निघावा आणि सहा महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावा. दिवाळीच्या सुट्टीत पहिले रजिस्टर भरायला घेत आहोत. प्रत्येक नाव एकाने वाचायचे, दुसऱ्याने टंकायचे आणि तिसऱ्याने मूळ पानाशी ताडून पाहायचे, असे ठरले आहे. ताडून पाहायला माणसे कमी पडत आहेत.