भांडवलाला पायघड्या, श्रमाला उंबरठा

गुंतवणुकीचा आकडा म्हणजेच प्रगती, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की दावोसच्या करारांतील लक्ष कोटी मथळ्यात झळकतात आणि त्यातून किती हातांना काम मिळणार, हा तपशील बातमीच्या शेपटाला जातो. गेला तर!

गुजरातमधील साणंदचे उदाहरण घ्यावे. जून २०२३ मध्ये तेथे अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीचा प्रकल्प जाहीर झाला. एकूण खर्च सुमारे २२,५०० कोटी रुपये. त्यातील ५० टक्के केंद्राचे, २० टक्के राज्याचे, मालकी मात्र कंपनीची. थेट रोजगार सांगितला गेला तो ५,००० जणांचा. म्हणजे एका नोकरीमागे जनतेच्या तिजोरीतून तीन कोटींहून अधिक रुपये! शिवाय हा प्रकल्प चिप घडवण्याचा नव्हे; जुळणी आणि चाचणीचा.

याउलट, खेड्यात लहानसा कारखाना काढू पाहणाऱ्या तरुणाच्या पदरी काय पडते? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून सर्वसाधारण गटातील ग्रामीण उद्योजकाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान. शहरात १५ टक्के. उत्पादन प्रकल्पाची कमाल मर्यादा, तीही २०२२ मध्ये वाढवल्यानंतर, ५० लाख. उरलेल्या रकमेसाठी त्याने बँकेचे उंबरठे झिजवायचे.

चिपबाबतचे परावलंबन राष्ट्राच्या सुरक्षेला घातक आहे, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो खोटा नाही. सुरक्षेसाठी राष्ट्राने प्रसंगी तोटाही सोसावा. परंतु मग तो खर्च सुरक्षेच्या खात्यावर मांडावा. त्यावर रोजगाराचे ढोल वाजवू नयेत.

परंपरागत ग्रामोद्योगांत यंत्रामुळे आणखी बेकारी येऊ देऊ नये, असे पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने १९५५ सालीच बजावले होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने समितीपुढे मान तुकवली आणि पैशाचा ओघ पोलाद कारखान्यांकडे वळवला. १९६७ पासून लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या वस्तूंची यादीही २०१५ मध्ये पूर्णतः संपुष्टात आली. दरम्यान शेजारच्या बांगलादेशाने तयार कपड्यांच्या व्यवसायात सुमारे ४० लाख माणसे कामाला लावली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. तेथे माणशी साडेचार कोटींचे भांडवल लागत नाही, शिवणयंत्र लागते.

अनुदानाच्या प्रत्येक आदेशात एका रोजगारामागे सरकारचा खर्च किती, हे छापणे सक्तीचे करावे. त्यासाठी दावोसची वारी लागत नाही. साधा भागाकार पुरतो.