बियाणे पारखतो, तसा संदेशही पारखावा

कपाशीचे बियाणे घेताना खानदेशातील शेतकरी पिशवीचे मोहोर पाहतो, लेबल वाचतो आणि पावती मागून घेतो. मोबाईलवर किंवा ई-मेलने आलेल्या संदेशाबाबत मात्र हीच दक्षता क्वचितच घेतली जाते. ठकांचे फावते ते नेमके येथेच.

खोटा संदेश पुष्कळदा खऱ्या गरजेचा आधार घेतो. पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात आणि त्यासाठी ई-केवायसी खरोखरच करावी लागते. म्हणूनच 'हप्ता थांबला आहे, सोबतची फाईल उघडा' हा मजकूर खरा वाटतो. ही फाईल बहुधा 'एपीके' या अक्षरांनी संपते. ती मोबाईलमध्ये बसवून मागितलेल्या परवानग्या दिल्या, की बँकेचा ओटीपी परस्पर ठकाच्या हाती पडू शकतो.

विजेच्या नावानेही असेच घडते. दीपनगरच्या केंद्रात वीज निर्माण करते ती महानिर्मिती. बिल आकारते ती महावितरण. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन झाल्यापासून ही कामे निराळी आहेत. तरीही 'आज रात्री वीज तोडली जाईल' असे कोणा अनोळखी क्रमांकावरून कळताच माणूस घाबरतो. अशा संदेशांना प्रतिसाद देऊ नये, असे महावितरणने वेळोवेळी जाहीर केले आहे. घाई आणि भीती ही खोट्या संदेशाची पहिली खूण होय.

दुसरी खूण पत्त्याची. केंद्र व राज्य शासनाच्या संकेतस्थळांचा पत्ता साधारणतः 'गव्ह डॉट इन' असा संपतो. नाव ओळखीचे पण शेवट निराळा असेल, तर तेथे आधार वा खाते क्रमांक देऊ नये. ओटीपी तर कोणासही सांगू नये.

येथे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांची जबाबदारी मोठी आहे. अनोळखी क्रमांकावरून आलेली फाईल शेतकरी कदाचित उघडणार नाही. पण तीच गावाच्या गटावर कार्यकर्त्याकडून आली, तर निःशंकपणे उघडील. यास्तव खात्री केल्याविना कोणतीही फाईल वा दुवा पुढे पाठवू नये. योजनेची माहिती स्वतःच्या शब्दांत लिहावी आणि पुढील कामासाठी कार्यालयात वा सेवा केंद्रात बोलवावे.

फसवणूक झालीच, तर लाजेपायी ती लपविणे सर्वांत घातक. २०१८ साली पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून संगणकीय घुसखोरीने सुमारे ९४ कोटी रुपये गेले. जेथे बँकही फसते, तेथे शेतकऱ्याने खाली मान घालण्याचे कारण नाही. मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्या फोनवरून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेस कळवावे. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविली जाते. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रोखली जाण्याची शक्यता अधिक.

फसलेल्यास हसणारे गाव पुढच्या माणसास गप्प बसावयास शिकविते. त्याचा अनुभव चावडीवर ऐकून घेणारे गाव मात्र इतरांचे पैसे वाचविते.