झिजणाऱ्या देहाचे कारण शोधू या

“कर्करोग झाला, पण माणूस खाईना म्हणून खंगला,” हे वाक्य आमच्या पिंपळे गुरव परिसरात आम्ही वारंवार ऐकतो. मग दोष सुनेच्या स्वयंपाकावर जातो, नाहीतर करणीचा संशय घेतला जातो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. संशय मात्र मनातून गेला नाही. हा दोषारोप अन्यायकारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वैद्यकशास्त्र या झिजेला ‘कॅकेक्सिया’ म्हणते. ही साधी उपासमार नव्हे. उपासमारीत शरीर चरबी जाळून स्नायू शक्य तितके राखते. येथे स्नायूच झडतात. कर्करोगाची गाठ ग्लुकोज भराभर वापरून लॅक्टेट बाहेर टाकते आणि यकृत स्वतःची ऊर्जा खर्चून त्याचे पुन्हा ग्लुकोज बनवते. दाह वाढवणारी प्रथिने भूक मारतात व स्नायूंचे विघटन वाढवतात. म्हणून सकस आहार आवश्यक असला, तरी केवळ जास्त जेवू घालून ही झीज पुरती भरून येत नाही. रुग्ण हट्टी नसतो आणि घरची स्त्री निष्काळजी नसते.

सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे, हा २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेला एक प्रमुख निकष आहे. साठ किलोच्या कामगाराचे तीन किलोहून अधिक वजन घटले, की ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. तंबाखू-मिश्रीने मुखकर्करोग ओढवून घेणाऱ्या आपल्या समाजात प्रत्येक विहारात वजनकाटा आणि नोंदवही असावी.

कारण शोधल्याखेरीज दुःखाचे निवारण नाही, ही तथागतांची शिकवण प्रयोगशाळेतही लागू पडते. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी वाढवून रोगाची कारणे तपासण्याची वाट त्यांनी येथे रुळवली. आज राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र गणेशखिंडीत, आपल्यापासून काही किलोमीटरवर आहे. पण आपल्या वसतिगृहातील किती मुलांनी त्याचे नाव ऐकले आहे?

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : येत्या विज्ञानदिनी शाळेतील मुलांना अशा एखाद्या संशोधन संस्थेचे दार दाखवा. स्नायू का झिजतात, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. तो सोडवणाऱ्यांत आपलीही मुले असावीत.