यज्ञ, रक्त आणि पाचवा हिस्सा

वेदांतील यज्ञ ही केवळ छाया असून ख्रिस्ताचे क्रुसावरील मरण हे तिचे सत्य स्वरूप होय, असे आपल्याकडील ख्रिस्ती विद्वानांचा एक वर्ग प्रतिपादीत आला आहे. बंगालचे रेव्हरंड कृष्णमोहन बंदोपाध्याय यांनी १८७५ साली ‘दि आर्यन विटनेस’ या ग्रंथात हे मत मोठ्या विद्वत्तेने मांडले. प्रजापतीचे आत्मार्पण ही येशूच्या बलिदानाची पूर्वसूचना होय, असा त्यांचा आशय. हे मत ऐकावयास गोड आहे. परंतु ते वेदांवर अन्याय करते, आणि ख्रिस्ती धर्मावर त्याहून अधिक करते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुरुषसूक्तातील यज्ञ हा सृष्ट्युत्पत्तीचा यज्ञ होय. त्या पुरुषापासून चंद्र, सूर्य व वर्ण उत्पन्न होतात. कोणाचे पाप त्याने धुतले जात नाही. पापमोचनाची आर्त हाक वेदांत आहे, पण ती वरुणसूक्तांत. वरुणप्रघास नामक यज्ञात तर यजमानपत्नीस आपला दोष स्वमुखाने सांगावा लागतो. तेथील मेंढा व मेंढी जवाच्या पिठाची असतात. शतपथ ब्राह्मणाचा अभिप्राय असा की, कबूल केलेला दोष उणा होतो, कारण तो सत्य होतो. अशा विधीस क्रुसाची अर्धवट छाया म्हणणे हे त्याचे स्वतःचे बोलणे न ऐकण्यासारखे आहे.

आता यहुद्यांकडे वळू. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणीत. एकाचे रक्त परमपवित्र स्थानी शिंपडीत. दुसऱ्याच्या मस्तकी हात ठेवून लोकांची पापे कबूल करीत आणि त्यास जिवंत रानात सोडून देत. म्हणजे येथेही रक्ताबरोबर कबुली आहेच. त्याच लेवीय ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ठेव बुडविणाऱ्यास व लुबाडणूक करणाऱ्यास आज्ञा आहे की, त्याने मूळ वस्तु आणि वर तिचा पाचवा हिस्सा धन्यास द्यावा व दोषार्पणाचा मेंढा आणावा. रक्तावरील प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली. या पाचव्या हिश्श्यावरील एकही ऐकल्याचे स्मरत नाही!

यावर कोणी म्हणतील की, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने हे जुने विधी ख्रिस्ताच्या एकाच अर्पणाने संपले असे ठरविले आहे. ठरविले आहे खरे. परंतु तेच पत्र सांगते की, पशूंचे रक्त बाह्य शुद्धी करते आणि ख्रिस्ताचे अर्पण सदसद्विवेकबुद्धीस शुद्ध करते. कळमन्यासारख्या बाजारात कोणी शेतकऱ्याचे धान्य मापात मारले, आणि ते पैसे गाठीस ठेवूनच आपण धुतले गेलो असे मानले, तर शुद्ध काय झाले? बुद्धी की केवळ भीती? वेदीपाशी अर्पण ठेवून आधी दुखावलेल्या भावाशी समेट करावा, अशी येशूचीच आज्ञा आहे. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले, तेव्हाच त्याच्या घरी तारण आल्याचे येशूने सांगितले. आमच्या मनूनेही अकराव्या अध्यायात चोरलेली वस्तु परत करून मग कृच्छ्र आचरावे असे सांगितले आहे.

दोन्ही परंपरांचा खरा मेळ येथे पडतो. छाया आणि वस्तु या हिशेबात नव्हे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले. त्यांस यज्ञकुंडाची वाट धरावी लागली नाही. तुकोबांस ख्रिस्ताची छाया न ठरविताही त्यांचे ऋण मानता येते, हे त्यांनी दाखविले.

यास्तव शुद्धीचा उपदेश करणाऱ्यांस, मग ते कथेकरी असोत वा पाद्री, आमची एकच विनंती आहे. श्रोत्यांस रक्त, गंगाजल वा तीर्थ सांगण्यापूर्वी, कोणाचे काय परत करावयाचे राहिले आहे हे त्यांस विचारावे. ज्या शुद्धीने अन्याय झालेल्याच्या हाती काहीच पडत नाही, ती शुद्धी अपराध्याची सोय होय. तीस धर्म म्हणू नये.